नोटा नाशिकरोडला छापतात, पैसा मात्र शाखेत तयार होतो

जानेवारी सरता सरता सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोर धरतात. समजा, एका शेतकऱ्याची ३० क्विंटल हळद १३ हजारांच्या भावाने गेली. अडत, हमाली, तोलाई बाजूला ठेवली तर बिल झालं ३ लाख ९० हजारांचं. घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या खात्यात तेवढी रक्कम नाही. खरं तर शिल्लक अशी काहीच नाही. त्याचं खातं कॅश क्रेडिटचं आहे, ज्याला सगळे सीसी म्हणतात. गोदामातल्या मालाच्या तारणावर बँकेने त्याला ५० लाखांची मर्यादा मंजूर केलीय आणि या हंगामात त्यातला एक रुपयाही त्याने अजून उचललेला नाही. तो चेक फाडतो. शेतकऱ्याचं बचत खातंही त्याच शाखेत. चेक काउंटरवर येतो आणि संगणकात दोन नोंदी होतात. व्यापाऱ्याच्या सीसी खात्याला नावे, म्हणजे डेबिट, ३,९०,०००. शेतकऱ्याच्या बचत खात्याला जमा ३,९०,०००.

आता सांगा, सकाळी हे ३ लाख ९० हजार कुठे होते?

कुठेच नव्हते. कुणा ठेवीदाराच्या खात्यातून पैसाही कमी झाला नाही. कॅशियरच्या पेटीतली रोकड जशीच्या तशी आहे. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये या व्यवहारासाठी एकही नोट छापली गेली नाही. तरी संध्याकाळी शेतकऱ्याच्या पासबुकात रक्कम आहे. तिच्यातून तो खतवाल्याची उधारी मिटवेल, मुलीच्या कॉलेजची फी भरेल. देशातला एकूण पैसा त्या दुपारी ३ लाख ९० हजारांनी वाढला, आणि तो वाढवला त्या शाखेतल्या एका नावे-जमेच्या नोंदीने.

मी बरीच वर्षं बँकेत कर्ज विभाग सांभाळला आहे. कर्जाचं व्हाउचर पहिल्यांदा हाताने लिहिलं, तेव्हा मलाही वाटत होतं की आपण एका बाजूने ठेवी गोळा करतो आणि दुसऱ्या बाजूने त्याच वाटतो. बाहेर आजही बहुतेकांची हीच समजूत आहे. बँक म्हणजे हौद. एका नळाने पाणी आत, दुसऱ्या नळाने बाहेर. चित्र सोपं आहे, पण ते चुकीचं आहे. त्यातून पुढे महागाई, व्याजदर, बँक बुडणं या सगळ्याचे अर्थ चुकत जातात, म्हणून ते सावकाश सोडवून सांगावंसं वाटतं.

आधी पैसा म्हणजे काय ते ठरवू. खिशातली नोट हा पैसा आहेच. पण खात्यातली शिल्लकही पैसाच आहे, कारण यूपीआयने भाजीवाल्याला दिलेले ४० रुपये आणि हातात दिलेले ४० रुपये यांत तो फरक करत नाही. रिझर्व्ह बँक देशातला पैसा मोजते तेव्हा लोकांच्या हातातली रोकड आणि बँकांमधल्या ठेवी यांची बेरीज करते. या बेरजेला एम-थ्री म्हणतात. मार्च २०२५ च्या सुमारास ती २७० लाख कोटी रुपयांच्या घरात होती. त्यात लोकांच्या हातातल्या नोटा-नाणी जेमतेम ३६ लाख कोटींची. बाकी सगळा पैसा निव्वळ नोंदींचा. म्हणजे ज्याला आपण पैसा म्हणतो त्यातल्या रुपयामागे पंच्याऐंशी पैशांहून जास्त भागाचा छापखान्याशी काही संबंध नाही.

इथे एक वेगळाच गैरसमज डोकं वर काढतो. मोबाइलवर फिरणारे संदेश असतात की बँका हवेतून पैसे बनवतात, मग कर्ज फेडायचं कशाला! हे ऐकून कुणी हप्ते थांबवले तर घर जाईल, म्हणून स्पष्ट सांगतो. नोंद करणं सोपं आहे, निभावणं सोपं नाही. कसं ते त्याच हळदीच्या व्यापाऱ्याकडे बघून कळेल.

दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या शेतकऱ्याची ५ लाखांची हळद घेतो. या शेतकऱ्याचं खातं आहे वेगळ्या बँकेत. व्यापाऱ्याच्या बँकेने इथेही सीसी खात्याला ५ लाख नावे टाकले, पण जमा कुणाला करणार? शेतकरी तिचा खातेदार नाही. त्याची बँक म्हणते, आमच्या खातेदाराला आम्ही ५ लाख देणं लागतो, तुम्ही आम्हाला ५ लाख द्या. आणि हे देणं व्यापाऱ्याच्या बँकेने स्वतः तयार केलेल्या पैशात चालत नाही. ते रिझर्व्ह बँकेच्या पैशातच द्यावं लागतं. जशी आपली खाती बँकेत, तशी बँकांची खाती रिझर्व्ह बँकेत असतात. आरटीजीएस असो, एनईएफटी असो की चेक क्लिअरिंग असो, शेवटी त्या खात्यांमध्ये एका बँकेला नावे आणि दुसरीला जमा पडतं तेव्हाच व्यवहार मिटतो.

म्हणजे पैसा दोन मजल्यांवर आहे. खालच्या मजल्यावर तुमचा-माझा, बँकांनी तयार केलेला ठेवींचा पैसा. वरच्या मजल्यावर रिझर्व्ह बँकेचा पैसा, म्हणजे नोटा आणि बँकांच्या तिच्याकडच्या शिल्लका. खालचा पैसा बँक स्वतः वाढवू शकते. वरचा पैसा तिला मिळवावा लागतो. ठेवीदार आणून, दुसऱ्या बँकेकडून कॉल मनीत रात्रीपुरता उसना घेऊन, नाहीतर सरकारी रोखे गहाण ठेवून रेपो दराने रिझर्व्ह बँकेकडून. शाखेवर ठेवींचं टार्गेट कशासाठी येतं हे आता लक्षात येईल. कर्ज द्यायला ठेव आधी लागते म्हणून नव्हे. दिलेलं कर्ज दुसऱ्या बँकेत निघून जातं तेव्हा तिकडून परत काहीतरी खेचून आणावं लागतं म्हणून.

आता राखीव निधीकडे येऊ. रिझर्व्ह बँक अधिनियम १९३४ च्या कलम ४२ नुसार प्रत्येक शेड्यूल्ड बँकेला, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या बँकेला, आपल्या ठेवींच्या आणि इतर देण्यांच्या काही टक्के रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या खात्यात ठेवावी लागते. हे रोख राखीव प्रमाण, म्हणजे सीआरआर. सुरुवातीला मागताक्षणी द्यायच्या देण्यांवर ५ टक्के आणि मुदतीच्या देण्यांवर २ टक्के असा तो ठरलेला होता. पुढे १९५६ मध्ये कायदा बदलून रिझर्व्ह बँकेला तो कमी-जास्त करण्याचा अधिकार मिळाला आणि सीआरआर हे धोरणाचं हत्यार झालं. या रकमेवर २००७ पासून बँकांना काडीचंही व्याज मिळत नाही.

पाठ्यपुस्तकात यावरून एक शिडी काढलेली असते, ती तुम्ही अकरावी-बारावीत पाहिली असेल. सीआरआर ३ टक्के धरा. कुणी १०० रुपयांची नोट बँकेत भरली. बँकेने ३ बाजूला ठेवले आणि ९७ कर्जाऊ दिले. ते कुणाच्या तरी खात्यात परत ठेव म्हणून आले. त्यातले २ रुपये ९१ पैसे बाजूला, ९४ रुपये ९ पैसे पुन्हा कर्जाऊ. असं करत करत शिडी संपते तेव्हा ठेवींची बेरीज भरते ३,३३३ रुपये. शंभराला तीन टक्क्यांनी भागलं की हाच आकडा येतो. सीआरआर ४ टक्के असता तर तो २,५०० झाला असता.

गणित बरोबर आहे, पण प्रत्यक्षात भारतात हा गुणक, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या पैशाच्या किती पट पैसा उभा राहतो तो आकडा, तेहेतीसही नाही आणि पंचवीसही नाही. तो साडेपाच ते सहाच्या आसपास असतो. इतका फरक का?

कारण शिडीच्या प्रत्येक पायरीवर माणसं आहेत आणि माणसं थोडे पैसे हातात ठेवतात. हळदीचे पैसे खात्यात आल्यावर शेतकरी मजुरांना द्यायला, आठवडी बाजाराला, घरातल्या कार्याला रोकड काढतोच. ही रोकड बँकेबाहेर गेली की तिच्यावर पुढचं कर्ज उभं राहत नाही. मघाच्या आकड्यांवरून हिशेब करून बघा. बँकांमधल्या दर १०० रुपयांच्या ठेवीमागे लोकांच्या हातात साधारण १५ रुपयांची रोकड आहे. म्हणजे लोकांकडे पैसा ११५ रुपयांचा, आणि त्याच्या पायाशी रिझर्व्ह बँकेचा पैसा १५ रुपये रोकड अधिक ३ रुपये सीआरआर, एकूण १८. एकशे पंधराला अठराने भागा, उत्तर ६.४. बँका पेटीत ठेवतात ती रोकड धरली तर आणखी थोडं खाली. आता सीआरआर ४ केला तर ११५ भागिले १९, म्हणजे सहाच्या जरा वर. एक टक्क्याने एवढाच फरक. पण लोकांनी हातातली रोकड १५ वरून ५ वर आणली, तर १०५ भागिले ८, म्हणजे थेट १३! पैशाचा गुणक मुंबईतल्या मिंट रोडवर, रिझर्व्ह बँकेच्या मुख्यालयात, जितका ठरतो, त्याहून जास्त तो तुमच्या-माझ्या पाकिटात ठरतो. मला या विषयातली ही सर्वांत आवडती गोष्ट आहे आणि अभ्यासक्रमात ती एका ओळीत उरकली जाते.

शिडीत आणखी एक घोटाळा आहे, क्रमाचा. तिथे आधी ठेव, मग राखीव निधी, मग कर्ज. शाखेत आपण काय पाहिलं? आधी कर्ज, त्यातून ठेव, आणि राखीव निधीची तजवीज नंतर. नियमही याच क्रमाला धरून आहे. चालू पंधरवड्यात किती सीआरआर राखायचा हे आधी होऊन गेलेल्या पंधरवड्याच्या देण्यांवरून ठरतं. ठेवी तयार झाल्यावर मागून बँका निधी गोळा करतात, आणि सगळ्या बँकांना मिळून तो कमी पडला तर रिझर्व्ह बँक पुरवते. पुरवला नाही तर कॉल मनीचा दर रेपोच्या वर उडेल आणि व्याजदराचं तिचं धोरणच कोलमडेल. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये आपल्या त्रैमासिकात हे उघड लिहिलं की कर्जातून ठेव जन्मते, आणि पाठ्यपुस्तकातला गुणक म्हणजे बँकव्यवहाराचं खरं वर्णन नव्हे. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे सीआरआरसारखं बंधन नाही. अमेरिकेने मार्च २०२० मध्ये ते शून्यावर आणलं. शिडीचं गणितच शेवटचा शब्द असता, तर या देशांत पैसा अनंत व्हायला हवा होता. तसं काही झालेलं नाही.

मग बँकेला अडवतं कोण?

पहिला अडसर कर्जदार. ज्याला गरज आहे आणि जो फेडू शकतो असा माणूस दारात आला पाहिजे. याचा सर्वांत मोठा धडा आपण सगळ्यांनी रांगेत उभं राहून घेतलेला आहे. ८ नोव्हेंबर २०१६ ला ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या. तेव्हा चलनात अशा नोटा होत्या सुमारे १५.४ लाख कोटींच्या, एकूण चलनाच्या ८६ टक्के. त्या खात्यांत भरल्या जाऊ लागल्या आणि बँकांकडे निधीचा महापूर आला. शिडीच्या हिशेबाने कर्जांचा धो धो पाऊस पडायला हवा होता. झालं उलटं. बाजारात उलाढालच ठप्प, तर कर्ज मागणार कोण? कर्जवाढीचा वेग त्या वर्षी कित्येक दशकांच्या नीचांकाला, पाच टक्क्यांच्या आसपास आला. उलट निधी इतका झाला की २६ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं, १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर या काळात वाढलेल्या ठेवींवर शंभर टक्के सीआरआर. शंभर टक्के! म्हणजे तेवढी पूर्ण वाढ आमच्याकडे आणून ठेवा, बिनव्याजी. दोन आठवड्यांनी हा नियम मागे घेतला. पण ओढ्याला पाणी आहे म्हणून शेत आपोआप भिजत नाही, हे त्या हिवाळ्यात दिसलं.

दुसरा अडसर भांडवलाचा, आणि आजच्या घडीला मला तो सीआरआरपेक्षा मोठा वाटतो. बँकेने दिलेल्या कर्जांची जोखीम मोजून त्याच्या किमान ९ टक्के भांडवल मालकांच्या पदरचं असावं लागतं, वर आणखी सुरक्षेची भर असते ती वेगळी. १०० रुपयांचं विनातारण कर्ज पूर्ण जोखमीचं धरलं तर ९ रुपये मालकांचे गुंतले. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला वाटलं की पर्सनल लोन फार सुसाट वाढताहेत. तिने सीआरआरला हात लावला नाही. अशा कर्जांचं जोखीम-वजन, म्हणजे कर्जाची किती टक्के रक्कम जोखमीची धरायची ते प्रमाण, तेवढं १०० वरून १२५ टक्के केलं. त्याच कर्जाला आता ९ ऐवजी सव्वाअकरा रुपये भांडवल. नेमकं तिथेच दुखतं जिथे दुखवायचं आहे.

तिसरा अडसर व्याजदर. तो रोजच्या बातम्यांत असतो, त्यावर इथे वेगळं लिहीत नाही.

मग सीआरआर निरर्थक आहे का? मुळीच नाही. आपल्या देशात तो एके काळी खरोखर गळ्याभोवतीचा दोर होता. १९९१ मध्ये सीआरआर १५ टक्के होता आणि त्याच्या जोडीला सरकारी रोख्यांत गुंतवायची सक्ती, म्हणजे एसएलआर, साडेअडतीस टक्के. शंभर रुपयांच्या ठेवीतले ५३ रुपये ५० पैसे या दोन खात्यांतच अडकले. कारण असं की सरकारची तूट भरायला रिझर्व्ह बँक ॲड-हॉक ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारने गरजेप्रमाणे काढलेले अल्पमुदतीचे कर्जरोखे, घेऊन पैसा पुरवायची, त्याने पैसा वाढायचा, मग तो आवरायला तिलाच सीआरआर वाढवावा लागायचा. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने बँकांकडून काढून घेतलं, आणि मधल्यामध्ये शेतकऱ्याला, छोट्या कारखानदाराला कर्ज कमी पडलं. बँकिंग सुधारणांसाठी सरकारने नेमलेल्या नरसिंहम समितीने १९९१ च्या अहवालात ही दोन्ही प्रमाणं उतरवा असं सांगितलं, आणि एप्रिल १९९७ पासून ॲड-हॉक बिलांची ती पद्धतच बंद झाली. त्यानंतर हा दोर सैल होत गेला.

जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सीआरआर ४ वरून ३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं, सप्टेंबर ते नोव्हेंबर चार टप्प्यांत. बँकांकडे अडीच लाख कोटी मोकळे होतील असा आकडा तिने दिला. बऱ्याच ठिकाणी त्याची मांडणी झाली ती ‘अडीच लाख कोटींची कर्जं वाटली जाणार’ अशी. हे दोन्ही बाजूंनी चुकतं. कर्जदार आणि भांडवल असेल तर बँकांची कर्जं त्याच्या कित्येक पट वाढू शकतात. नसेल तर काहीच वाढणार नाही. हमखास होते ती एक छोटी गोष्ट. बिनव्याजी पडून असलेले अडीच लाख कोटी बँका आता कुठेतरी कमाईला लावू शकतात, त्यामुळे निधीचा खर्च थोडा उतरतो आणि कर्ज थोडं स्वस्त करायला वाव मिळतो.

कर्जातून पैसा वाढतो, मग महागाईही वाढणार का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. ते कर्ज कशासाठी दिलं यावर ते ठरतं. हळदीच्या व्यापाऱ्याला दिलेल्या कर्जामागे गोदामात पोती आहेत. शेतकऱ्याला पैसे वेळेवर मिळाले म्हणून तो पुढच्या वर्षी बेणं लावणार आहे. पैसा वाढला तसा मालही वाढला. पण तेच ५० लाख पुण्याच्या कडेला आधीच असलेल्या प्लॉटच्या खरेदीला दिले, तर पैसा ५० लाखांनी वाढला आणि गुंठे तेवढेच राहिले. पुढचा गिऱ्हाईक त्याच गुंठ्याला ६० लाखांचं कर्ज मागायला येतो. दोन्ही कर्जांना सीआरआर सारखाच लागतो. कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याची सही म्हणूनच मला फार मोठी जबाबदारी वाटत आली आहे. त्या सहीने नवा पैसा जन्माला येतो, आणि तो कुणाच्या हातात पहिल्यांदा जाणार हेही तीच ठरवते.

आता आपल्या व्यापाऱ्याकडे परत जाऊ. शेतीमालाचा पैसा हंगामाने फुगतो आणि हंगामानेच ओसरतो. रिझर्व्ह बँकसुद्धा पूर्वी आपलं पतधोरण एप्रिल आणि ऑक्टोबर असं वर्षातून दोनदा, याच तालावर मांडायची. जानेवारी ते एप्रिल त्याचं सीसी खातं उणे होत होत ४५ लाखांवर गेलं. पावसाळ्यात मसाला कंपन्यांकडून त्याच्या मालाचे पैसे यायला लागले. मसाला कंपनीच्या खात्याला नावे, त्याच्या सीसी खात्याला जमा. तिच्या ठेवीतून ४५ लाख गेले, त्याच्या कर्जातून ४५ लाख गेले, आणि कुणाच्याही खात्यात नव्याने काही आलं नाही. जसा तो पैसा नोंदीने आला होता तसाच नोंदीने मिटला. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी तो पासबुक छापून घ्यायला येतो. शेवटच्या ओळीत शिल्लक शून्य. हळद शेतात पानांनी भरली आहे, आणि जानेवारीसाठी मर्यादा वाढवून द्या म्हणून स्टॉक स्टेटमेंटची फाइल त्याने काखेत धरलेली आहे.